दीड मिनिटात वाचलेलं पत्र

माझ्या दादाचं ठरत आलेलं लग्न मी एकदा दीड मिनिटात मोडलं. मोबाइलवर टायमर लावला होता, हातात पेन्सिल होती आणि सगळं अगदी नियमाप्रमाणे केलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल निष्काळजीपणा केला. मी निष्काळजी असते तर बरं झालं असतं.

तेव्हा मी मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी अंधेरी स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये 'उताऱ्यावरील प्रश्न'. उतारे कसले, तर देवमाशांचं स्थलांतर, कुठल्याशा जुन्या राज्यातली चिनी मातीची भांडी, मधमाश्यांची समाजव्यवस्था. मरोळला राहणाऱ्या मुलीला आयुष्यात ज्याची कधी गरज पडणार नाही, अशी सगळी माहिती मला तेव्हा होती.

आमच्या सरांचे तीन नियम होते. पहिला, उतारा पूर्ण वाचायचा नाही. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचायचं, शेवटचं वाचायचं, मधलं सोडायचं. मधे लेखक नुसता पाल्हाळ लावतो. दुसरा, बाहेरचं ज्ञान आणायचं नाही. देवमाशाबद्दल तुम्हाला आधीपासून काय माहीत आहे ते घरी ठेवायचं, उताऱ्यात असेल तेच खरं. आणि तिसरा, लेखकाचा सूर ओळखायचा. सूर कळला की अर्धी उत्तरं आपोआप येतात.

माझी उत्तरं येत होती. सरांनी दोनदा सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. ते मी घरी सांगितलं, शेजारी सांगितलं आणि इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. तेव्हापासून घरात विजेच्या बिलामागचा मजकूर, सोसायटीची नोटीस, औषधाच्या बाटलीतला कागद, काहीही आलं की "प्राचीला दाखवा" असं सुरू झालं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आता दादाबद्दल. माझा दादा, महेश, चौतीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस सोन्यासारखा, पण शब्द मोजून. त्याला 'हो' म्हणायचं असेल तर तो "बरं" म्हणतो. 'नाही' म्हणायचं असेल तरी "बरं"च म्हणतो. आम्ही त्याच्यासाठी अकरा मुली पाहिल्या आणि अकरा वेळा घरी येताना रिक्षात आईने विचारलं, "कशी वाटली?" अकरा वेळा त्याने "ठीक" असं उत्तर दिलं.

बारावी मुलगी घाटकोपरची. सायली पेडणेकर, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. मूळ आमच्यासारखीच मालवणकडची माणसं. तिचे बाबा सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले, हेड क्लार्क. तिच्या घरून परत येताना आईने नेहमीचा प्रश्न विचारला आणि दादा म्हणाला, "चालेल."

आई रिक्षात रडायला लागली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, काहीतरी वाईट झालं.

दोन दिवसांनी दादाने मला विचारलं, "घाटकोपरला मेट्रोने किती वेळ लागतो गं?" मी म्हटलं, "मरोळ नाक्यावरून दहा-बारा मिनिटं." आणि पुन्हा मधमाश्यांमध्ये डोकं घातलं. घाटकोपरच्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट हा माणूस सांभाळतो, आठवड्यातून तीनदा तिकडे जातो, मग हा प्रश्न मला का विचारतोय, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. प्रश्न विचारला, उत्तर दिलं, पुढचा प्रश्न.

आठवडा गेला, आणि एका शनिवारी दुपारी बाबांच्या मोबाइलवर पेडणेकर काकांचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं पत्र, त्याचा काढलेला फोटो. दादा तेव्हा कामावर होता, साकीनाक्याला कुठल्याशा टॉवरची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. घरात आम्ही तिघं.

बाबांनी पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. पेडणेकर काकांनी जन्मभर सरकारी पत्रांचे मसुदे केलेले, त्यामुळे पत्र तशाच भाषेत. "आपण सहकुटुंब येऊन गेलात त्याबद्दल आभारी आहोत" वगैरे वाचत बाबा दुसऱ्या परिच्छेदावर आले आणि थांबले.

"तथापि लिहिलंय," ते म्हणाले.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? संपलं. माझ्या अख्ख्या नोकरीत 'तथापि'नंतर एकदा पण चांगली बातमी आलेली नाही." आणि त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

आईला हे मान्य नव्हतं. तिचा पुरावा वेगळाच होता. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा आईने नारळाच्या वड्या नेल्या होत्या, स्वतःचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून. तो डबा अजून परत आला नव्हता. "ज्यांना नाही म्हणायचंय ते दुसऱ्या दिवशी डबा पोचता करतात," आई म्हणाली. "अकराही जणांनी केला. यांनी ठेवून घेतलाय. म्हणजे त्यांना आपल्याकडे पुन्हा यायचंय."

"फोन करून विचारू का सरळ?" बाबा म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. मुलीच्या घरी फोन करून 'हो का नाही' असं विचारायचं? आमच्यात असं कोणी करत नाही. बाबांनी शब्द मागे घेतले. आणि मग, तुम्ही ओळखलं असेलच, दोघंही माझ्याकडे वळले.

मी खोलीतून पेन्सिल आणली. टायमर लावला. आई म्हणाली, "अगं, नीट वाच." मी म्हटलं, "आई, पद्धत असते."

पहिला परिच्छेद. पहिलं वाक्य आभाराचं, शेवटचं वाक्य, 'आपल्या प्रस्तावावर घरात साकल्याने विचार करण्यात आला.' दुसरा परिच्छेद. पहिलं, 'तथापि काही बाबी आपल्या निदर्शनास आणून देणे आवश्यक वाटते.' शेवटचं, 'एवढा काळ आपणांस थांबवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.' तिसरा परिच्छेद एका वाक्याचाच. 'आपणांस घाई असल्यास आपण अन्य स्थळे पाहण्यास मोकळे आहात. कळावे, लोभ असावा.'

दीड मिनिट. क्लासमध्ये मला एवढ्या लांबीच्या उताऱ्याला दोन लागायचे.

"नकार आहे," मी म्हटलं. "लेखकाचा सूर सौजन्यपूर्ण पण ठाम."

"आणि डबा?" आईने विचारलं.

"आई, उताऱ्यात डब्याचा उल्लेख नाही. बाहेरचं ज्ञान आणायचं नाही."

आई रागावली की मालवणीत जाते. "तुझ्या उताऱ्यात काय असता नि काय नसता ता माका सांगू नको. माका माणसां कळतत," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली. भांडी घासलेलीच होती. तिने ती पुन्हा घासली.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण बाबांना वाटलं, आपणही काहीतरी कळवायला हवं, नाहीतर आपण होकाराकडे डोळे लावून बसलोय असं दिसेल. म्हणजे त्यांनी नाही म्हटलं तर आपणही नाही म्हणायचं, आणि फिटंफाट. उत्तर मीच लिहिलं. 'आपले पत्र मिळाले. आमच्या गुरुजींच्या मते पत्रिका जुळत नसल्याने पुढे जाता येत नाही, क्षमस्व.' पत्रिका हे सगळ्यांत सभ्य कारण. त्यात मुलीत खोट नाही, मुलात खोट नाही, दोष सगळा ग्रहांचा.

बाबा जरा घुटमळले. "अगं, पण मी त्या दिवशी त्यांच्या घरी छाती पुढे काढून म्हणालो होतो, आम्ही पत्रिका मानत नाही म्हणून."

"ते बोलण्यात आलं होतं बाबा," मी म्हटलं. "पत्रात कुठे आहे?"

आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी दादा आला. हाताला ग्रीस, खांद्याला हत्यारांची बॅग. आईने सांगितलं, "घाटकोपरचं नाही जमलं रे." दादा म्हणाला, "बरं." मग त्याने हात धुतले आणि बाथरूमचा गळका नळ दुरुस्त करायला बसला. तो नळ त्याने आदल्या रविवारीच दुरुस्त केला होता. त्या घरात त्या दिवशी जे जे नीट होतं ते ते पुन्हा नीट झालं.

त्याचा सूर काही मला ओळखता आला नाही. मी आत बसून चिनी मातीच्या भांड्यांवरचे पाच प्रश्न सोडवले. पाचही बरोबर आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात पेडणेकर काकू. म्हणजे सायलीची आई. नवी साडी, केसांत गजरा आणि हातात आमचा डबा.

"चकाल्याला बहिणीकडे आले होते सकाळीच," काकू आत येत म्हणाल्या. "म्हटलं, जाता जाता विहीणबाईंना डबा देऊन जाऊ. शेवेचे लाडू आहेत, गुळातले. महेशरावांना आवडतात म्हणे."

विहीणबाई. हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच आला होता आणि त्याला कुठे बसवावं हे कुणाला कळेना. आई हातात झारा घेऊन उभी. बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. दादा आतल्या दाराशी आला आणि तिथेच थांबला.

"त्यांना म्हटलं, पत्र कशाला लिहिताय, फोन करा," काकू सांगत होत्या. "पण त्यांचं सगळं लेखी. तुमचं उत्तर आलं असेल, पण ते पत्र पाठवलं की मोबाइल ठेवून देतात, तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आणि पेपर झाल्यावरच बघतात ना."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घाटकोपरला पूजा किती वाजता संपते, हे मला कोणत्याही उताऱ्यात सापडलेलं नव्हतं.

तेवढ्यात काकूंचा मोबाइल वाजला.

"हो, इथेच आहे त्यांच्याकडे," काकू हसत म्हणाल्या. मग हसू हळूहळू गेलं. "काय? ... कुणाच्या? ... पत्रिका?" त्यांनी बाबांकडे पाहिलं. वर्तमानपत्र आणखी वर गेलं. "बरं. येते मी."

त्या उठल्या. डबा टेबलावरच होता. आईने तो घाईने उचलून त्यांच्यापुढे धरला, काय करावं ते न सुचून. काकूंनी तो परत टेबलावर ठेवला.

"डबा तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. "रिकामा कसा देणार, म्हणून भरला होता."

चहा न घेता गेल्या. आमच्या घरातून चहा न घेता गेलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मीटर बघायला येणारासुद्धा घेतो.

दार लागल्यावर आईने बाबांचा मोबाइल माझ्या हातात दिला. "वाच," ती म्हणाली. "मोठ्यान वाच. एक अक्षर गाळू नको."

मी वाचलं. पहिल्या परिच्छेदाच्या मधे, जिथे लेखक पाल्हाळ लावतो, तिथे लिहिलं होतं: 'पत्रिका वगैरे आपण मानत नाही असे आपण त्या दिवशी स्पष्ट सांगितलेत, ते आम्हां सर्वांस, विशेषतः चि. सायलीस, मनापासून पटले.'

बाबा खुर्चीत खाली सरकले.

दुसऱ्या परिच्छेदाच्या मधे: 'चि. सायलीची अंतिम परीक्षा एप्रिलमध्ये असल्याने तत्पूर्वी कार्य करणे शक्य होणार नाही. मे महिन्यात मात्र आमची कोणतीही हरकत असणार नाही. चि. महेशरावांबद्दल तिचे मत अनुकूल आहे.'

म्हणजे होकार होता. सरळ, स्वच्छ, सही केलेला होकार. फक्त बिचाऱ्यांनी सभ्यपणाने लिहिलं होतं की मेपर्यंत थांबायचं नसेल तर आमचा आग्रह नाही. आणि आम्ही उलट कळवलं होतं की तुम्हाला जी गोष्ट सगळ्यांत आवडली, तीच खोटी आहे.

"परत वाच," दाराशी उभा राहून दादा म्हणाला.

"कुठलं?"

"ते शेवटचं. तिचं मत."

मी परत वाचलं.  दादाचे कान लाल झाले होते. आणि तेव्हा मला एकदम तो मेट्रोचा प्रश्न आठवला. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. हा माणूस लहानपणापासून माझ्या शेजारी बसून जेवतोय, माझ्या क्लासची फी याने भरली, आणि मला देवमाशाच्या मनातलं कळत होतं, याच्या मनातलं नाही.

"दादा, सॉरी," मी म्हटलं.

तो आत गेला. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा नळ उघडणार. पण पाच मिनिटांनी तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला आणि चपला घालत म्हणाला, "चल."

मेट्रोत मी माफीचं भाषण जुळवत होते. साकीनाका, असल्फा, जागृती नगर. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. मी विचारलं, "तू काही बोलशील ना?" तो म्हणाला, "बघू."

पेडणेकर काकांनी दार उघडलं. घरातही पांढरा शर्ट, खिशाला पेन. आम्हाला बसवलं, पण पाणी आलं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हाताची घडी घालून. काकांनी कपाटातून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. फाइलवर लिहिलं होतं: 'चि. सायली – स्थळे.' माझं उत्तर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरवून, वर 'आवक' लिहून, त्यात लावलं होतं. खाली लाल शाईने शेरा होता, 'प्रकरण बंद.'

"बंद केलेलं प्रकरण पुन्हा उघडायचं तर कारण नोंदवावं लागतं," काका म्हणाले. "बोला आपण."

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला 'आपण' म्हणत होता. यावरून काय ते समजा.

मी बोलले. परीक्षा, क्लास, तीन नियम, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, लेखकाचा सूर, सगळं सांगितलं. बोलता बोलता मी उदाहरणादाखल देवमासेसुद्धा आणले. काकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आपण पत्र वाचलंच नाहीत," ते म्हणाले.

"वाचलं काका. पण पद्धतीने."

"मी ते चार वेळा लिहिलं होतं," काका म्हणाले. "चार कच्चे मसुदे केले. मुलीच्या लग्नाचं पत्र होतं ते."

 मी खाली मान घालून बसले. काकू दारातून हलल्या नाहीत. त्यांच्यामागे सायली उभी होती, आणि तिने एकदाही आमच्याकडे पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, वाट लागली, हे माझ्यामुळे कायमचं मोडलं.

"मी मेपर्यंत थांबतो," दादा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मीसुद्धा.

"पुढच्या मेपर्यंत थांबायला लागलं तरी थांबतो. पत्रिका आम्ही खरंच मानत नाही. माझी पत्रिका कधी केलेलीच नाही. आणि मला सायली आवडली. मी हे त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. चुकलं."

सहा वाक्यं. लागोपाठ. मी त्याची सख्खी बहीण, पण हे माझ्यासाठीही नवीन होतं.

 काकांनी खिशातलं पेन काढलं, 'प्रकरण बंद' वर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला छोटी सही केली. काकूंनी हाताची घडी सोडली. थोड्या वेळाने चहा आला, सायलीच घेऊन आली.

चहा आला तरी अवघडलेपण होतंच. नुसते कप वाजत होते. मला कुठे बघावं ते कळेना. सायलीला माझी दया आली असावी, कारण तिने आपणहून विषय काढला.

"परीक्षा कधी आहे तुमची?"

"दोन महिन्यांनी."

"कशी चाललीय तयारी?"

आता सवयीचं उत्तर असतं बघा माणसाचं. महिनाभर शेजारी, ऑफिसात, इस्त्रीवाल्याकडे, सगळीकडे मी जे देत आले होते, तेच तोंडातून निघालं.

"गणिताची जरा भीती आहे," मी म्हटलं. "वाचनाचं काही टेन्शन नाही."

 आधी दादा हसायला लागला. नुसता हसला नाही, कपातला चहा बशीत सांडेपर्यंत हसला. त्याला बघून सायली हसली आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. बारा घरांत बारा वेळा चहा प्यायलेला माझा भाऊ पहिल्यांदाच मुलीच्या घरी हसत होता, आणि मी बिस्किट खात होते.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी फाइल पुन्हा जवळ ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याच पत्राच्या खाली सावकाश काहीतरी लिहिलं. कागद माझ्याकडून उलटा होता, तरी मी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, मधलं काहीही न सोडता.

'मे महिन्यात कार्य करण्याचे ठरले. यापुढील पत्रव्यवहार मुलाच्या बहिणीमार्फत करण्यात येऊ नये.'